चिठ्ठीखालचं नाव

आमच्या खोऱ्यात कुणी "जरा दुखतंय" म्हणाला, की खुशाल समजावं हाड मोडलंय. "फार दुखतंय" म्हणणारा माणूस इथे अजून जन्माला यायचा आहे, आणि आलाच तर त्याची आईच त्याला गप्प करील. उत्तर इंग्लंडातल्या टीज नदीच्या अगदी वरच्या अंगाला, जिथे झाडं संपतात आणि नुसती दगडी कुंपणं डोंगर चढत जातात, तिथल्या माणसांना स्वतःचं दुखणं सांगायची लाज वाटते. मेंढीचं दुखणं ते तासभर सांगतील. स्वतःचं विचारलं की खिडकीबाहेर बघत बसतील.

लिनेट टॉलेंटायरला ही भाषा येत होती, कारण ती तिची घरचीच होती. जॉस टॉलेंटायर या मेंढीवाल्या शेतकऱ्याची ती एकुलती एक मुलगी. शहरात जाऊन फिजिओथेरपी शिकली, बाविसाव्या वर्षी परत आली आणि गावच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत जी रुजू झाली, ती बत्तीस वर्षं तिथेच. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मागणी घालायला मेले बरोबर मेंढ्या व्यायच्या दिवसांत येतात. तेव्हा कुणाला वेळ असतो?" उंचीने बेताची, मनगटं मात्र एखाद्या गवंड्यासारखी. तिने खांद्याला हात लावला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची, आणि सोडला की सुरू व्हायची. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांची गुपितं तिला पालथं झोपवूनच कळली होती.

एकच गोष्ट तिच्या हातात नव्हती. औषध लिहिणं.

फिजिओने तपासावं, हातपाय वळवावेत, व्यायाम शिकवावेत. गोळी मात्र डॉक्टरच्या सहीनेच मिळणार, असा नियम. मग लिनेटने एक पद्धत पाडली होती. पिवळ्या कागदावर ती रोग्याचं नाव, दुखणं आणि कुठली गोळी किती द्यावी ते लिहायची आणि डॉक्टर स्टोबार्टच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवायची. डॉक्टर दोन रोग्यांच्या मधल्या मिनिटात त्या कागदावरून खरी चिठ्ठी काढायचे आणि सही ठोकायचे. रोगी त्यांनी पाहिलेला नसे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण डॉक्टर स्टोबार्ट वाईट माणूस होता असं कुणी समजू नये. तीन माणसांचं काम एकटे ओढत होते बिचारे. एकोणीस वर्षांत लिनेटच्या कागदावर त्यांनी एकदाही प्रश्न विचारला नाही, आणि यात आपण तिचा मोठा मान राखतो आहोत असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

मग इंग्लंडात कायदा बदलला. फिजिओने विद्यापीठात जाऊन औषधांचा अभ्यास पुरा केला, एका डॉक्टरच्या देखरेखीखाली नव्वद तास काम केलं, परीक्षा दिल्या, तर हाडं, सांधे आणि स्नायूंपुरतं औषध तिला स्वतःच्या सहीने लिहिता येणार होतं. लिनेटने त्याच आठवड्यात अर्ज भरला.

"फरक काय पडणार आहे, लिनेट?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सांगता, मी सही करतो. चाललंय की छान."

"छान चाललंय, कारण मी गप्प बसते," लिनेट म्हणाली. "आणि मी आता फार दिवस गप्प बसणार नाहीये."

डॉक्टरांनी हात टेकले. देखरेख करायला ते कबूल झाले, पण दवाखान्याने अट घातली. दर गुरुवारी तिला सोडायचं म्हणजे तिच्या जागी बाहेरून माणूस आणावा लागणार. तेव्हा हे एकदाच. नापास झाली, तर पुन्हा नाही. चौपन्नाव्या वर्षी पुन्हा म्हणजे कधीच नाही, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं.

तर दर गुरुवारी पहाटे उठून साठ मैल गाडी हाकत ती विद्यापीठात जाऊ लागली. वर्गात सगळ्या तिच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान. त्या कळफलकावर टिपणं घ्यायच्या, लिनेट वहीत. औषधं पोटात गेल्यावर काय करतात, मूत्रपिंडाला कशी छळतात, एकमेकांशी कशी भांडतात, हे तिला भराभर समजलं. बत्तीस वर्षं माणसांच्या अंगावर ती हेच तर बघत आली होती. अडलं ते गणितापाशी. डोसच्या गणितांची एक परीक्षा होती आणि तिच्यात शंभरपैकी शंभरच लागत. एक चुकलं की नापास. दुसरी संधी एक, तिसरी नाही. लिनेटला शाळेपासून कागदावरच्या आकड्यांची धास्ती. पहिल्या खेपेला वीसपैकी एकोणीस आली.

"एकोणीस म्हणजे चांगलीच की," जॉस म्हणाला. म्हातारा चौऱ्याऐंशीचा होता, पण कुठली मेंढी कुठल्या कुंपणातून पळाली हे अजून बसल्या जागी सांगायचा.

"बाबा, एकोणीस म्हणजे नापास."

"मग तुमच्या विद्यापीठात माझा कुत्रासुद्धा पास व्हायचा नाही." त्याने फ्रूटकेकच्या तुकड्यावर चीजचा तुकडा ठेवला आणि बशी तिच्यापुढे सरकवली. "बरं, मला सांग. जंताचं औषध, दहा किलोला दोन मिली. मेंढी पासष्ट किलोची. किती पाजशील?"

"तेरा."

"कळप आहे. हलकी पन्नासची, भारी पंच्याहत्तरची. सगळ्यांना एकच माप द्यायचंय."

"भारीच्या मापाने. पंधरा. कमी पडलं तर जंत मरत नाहीत, उलट मुजोर होतात."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्ही. मी सात वर्षांची होते."

"मग तुझ्या त्या मास्तरांना काय शिंगं आहेत? माणसाच्या जागी मेंढी घाल आणि सोडव."

तिने खरंच तसं केलं. दुसऱ्या खेपेला परीक्षेत वीस मेंढ्या एका रांगेत उभ्या केल्या आणि वीसच्या वीस बरोबर आल्या. परतताना तिने गाडीत मोठ्याने गाणं म्हटलं. तिचा आवाज वाईट आहे, पण ऐकायला कोणी नव्हतं.

राहिला शेवटचा टप्पा. देखरेख करणाऱ्या डॉक्टरसमोर एक रोगी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचा. काय विचारलं, काय सापडलं, काय ठरवलं, याचा अहवाल लिहायचा. डॉक्टरने खाली "या बाईंच्या हाती औषध सुरक्षित आहे" असं लिहून सही द्यायची आणि मग तो अहवाल विद्यापीठात जायचा. तपासणी चालू असताना डॉक्टरने तोंड उघडायचं नाही. मार्चमधल्या त्या मंगळवारी पहिला रोगी होता विल्फ ॲल्डरसन. हा जॉसचा जुना दोस्त, वय सदुसष्ट, अंगापिंडाने धिप्पाड. डिसेंबरात कंबर धरली म्हणून आला होता, तेव्हा लिनेटने पिवळ्या कागदावर त्याला सूज उतरवणारी गोळी लिहून दिली होती, दिवसाला दोन, आणि पोट सांभाळायला सोबत एक कॅप्सूल. बायको ऑलिव्हचे गुडघे दुखत होते, तिलाही तीच गोळी, तितकीच. दोन्ही कागदांवर स्टोबार्टांची सही झाली होती.

विल्फ आत आला आणि कोपऱ्यात मांडीवर फॉर्म घेऊन बसलेल्या डॉक्टरांकडे बघून म्हणाला, "हा काय, जत्रेतल्या मेंढ्यांना नंबर द्यायला बसलाय?"

"माझा नंबर लावायला बसलेत," लिनेट म्हणाली. "तुम्ही त्यांच्याकडे बघू नका. काय म्हणते कंबर?"

"जरा दुखतेय. तीन आठवड्यांत मेंढ्या व्यायला लागतील. काहीतरी जालीम दे, पोरी. म्हणजे मी सुटलो आणि तूही."

सोपी केस होती. कंबर तीच, दुखणं तेच, गोळी पुरत नाही म्हणतोय, तर वरची गोळी द्यावी. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरही तेच दिसत होतं. पण विल्फ कोट न काढताच खुर्चीत बसला होता. दारापासून खुर्चीपर्यंत सहा पावलं, आणि तेवढ्यात त्याला दम लागला होता. हा माणूस मागल्या उन्हाळ्यात फाटकाची कडी काढायचा कंटाळा करून वरून उडी मारत होता. लिनेटने त्याचे हात हातात घेतले. थंड होते, आणि तळवे पिठात घातल्यासारखे पांढरे.

गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेता ना, असं तिने विचारलंच नाही. त्या प्रश्नाला सारं खोरं "हो" म्हणतं. तिने विचारलं, "विल्फ, दिवसभरात गोळ्या किती जातात पोटात? आणि मोजतं कोण?"

विल्फ एकदम खुलला. मेंढ्यांबद्दल विचारल्यासारखा तो पुढे सरकून बसला.

"हे बघ. त्या डब्यावर लिहिलंय, मोठ्या माणसाला दोन. मोठा माणूस म्हणजे कोण? शहरातला, सत्तर किलोचा. मी मेंढ्या तोलायच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. एकशे बावीस! दोन गोळ्यांत माझं काय भिजणार? कमी दिलं तर दुखणं मुजोर होतं. म्हणून मी तीन घेतो. ऑलिव्ह अठ्ठेचाळीस किलो. तिला एक बास. तिची एक उरते, ती मला. काही वाया जात नाही. आणि बाजाराच्या दिवशी वर दुकानातल्या दोन टाकतो, त्या दुखण्याच्याच."

"आणि ती कॅप्सूल? पोटाची?"

"ती ऑलिव्हला. तिला जळजळ होते. माझं पोट लोखंडाचं आहे."

लिनेटने मनात आकडे मांडले. हिशेब चुकीचा होता, पण वेडगळ नव्हता. तिच्याच स्वयंपाकघरात, केकच्या बशीपुढे बसून तिने तोच हिशेब केला होता. भारीच्या मापाने. ती उठली, विल्फसमोर उभी राहिली, आणि अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढून बघितली. यकृतात चपटे जंत झाल्याचा संशय आला की आमच्याकडे मेंढीची पापणी अशीच बघतात. आतून लाल असेल तर मेंढी ठणठणीत. विल्फची पापणी आतून कागदासारखी होती.

"अगं, मला काय जंत झालेत?" विल्फ हसत म्हणाला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. पांढऱ्या पापणीचा अर्थ त्याला तिच्याइतकाच ठाऊक होता.

"शेण कसं आहे?" तिने विचारलं.

दुसऱ्या कुठल्याही शब्दाने विचारलं असतं तर त्याने खिडकीबाहेर बघितलं असतं.

"काळं," तो म्हणाला. "डांबरासारखं. दोनेक आठवडे. ऑलिव्ह म्हणते, मी ते रक्ताचं काळं सॉसेज, ब्लॅक पुडिंग, फार खातो."

"विल्फ, ते रक्त आहे. गोळ्यांनी तुमच्या पोटाला भोक पाडलंय, आणि तुम्ही आतल्या आत वाहताय. आजपासून एकही गोळी नाही, आणि आत्ता इथूनच हॉस्पिटलात जायचं."

"आत्ता? अगं, बाजार आहे आज!"

"बाजार पुढच्या मंगळवारीही आहे. तुम्ही असाल की नाही, ते आज ठरेल."

तिने रक्तदाब आणि नाडी मोजून रुग्णवाहिकेला फोन लावला. वय, रक्तदाब, नाडी, गोळीचं नाव, रोज किती, किती दिवस, सगळं एका दमात सांगितलं. रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर ती विल्फला पलंगावर आडवं करून त्याचा हात धरून बसली आणि त्याच्या कुत्र्याची चौकशी करत राहिली. डॉक्टर स्टोबार्टांनी तोंड उघडलं नाही. नियमच होता. पण डिसेंबरच्या त्या दोन कागदांवर सही कुणाची होती, हे त्यांनाही आठवलं असावं, कारण फॉर्म भरायचा सोडून ते पेनाचं टोपण लावत होते आणि काढत होते.

विल्फच्या जठरात व्रण निघाला. नळी घालून तो बंद केला, रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. अजून आठवडा गेला असता तर कठीण होतं, असं तिकडच्या डॉक्टरने ऑलिव्हला सांगितलं, आणि ऑलिव्हने अख्ख्या खोऱ्याला.

तीन दिवसांनी दुपारी स्टोबार्टांनी लिनेटला खोलीत बोलावलं. चहा स्वतः करून दिला, म्हणजे मामला गंभीर होता.

"मी एकोणतीस वर्षं डॉक्टरकी करतोय," ते म्हणाले. "मी त्याला वरची गोळी दिली असती आणि पुढचा रोगी बोलावला असता. सही मी देणारच आहे. तुम्ही मंगळवारी जे केलंत ते अहवालात लिहा, पाठवून द्या."

"आणि डिसेंबरचं?"

"डिसेंबरचं काय?"

"ती गोळी मी सुचवली होती. दोघांनाही. हा माणूस ती कशी घेईल, हे मी विचारलं नाही. मेंढीवाल्याची मुलगी आहे मी, डॉक्टर. हे दुसऱ्या कुणाच्या नाही, पण माझ्या लक्षात यायला हवं होतं."

स्टोबार्टांनी कप खाली ठेवला. "लिनेट, ऐका. कागदोपत्री ती चूक तुमची नाहीच. औषध मी लिहिलंय. तुमचा पिवळा कागद म्हणजे काही नाही, निरोप. तो फाइलमध्येसुद्धा नसतो. तुम्ही स्वतःहून लिहिलंत की माझ्या सल्ल्याने रोगी मरता मरता वाचला, तर विद्यापीठवाले तुम्हाला नापास करतील. दवाखाना पुन्हा सोडणार नाही. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

खोटं नव्हतं ते. सरळ, व्यवहारी, मायेने दिलेला सल्ला होता. लिनेटलाही तो पटण्यासारखा वाटला, आणि वाटला याचाच तिला राग आला.

"बत्तीस वर्षं," ती म्हणाली, "तुमच्या आधीच्या डॉक्टरांपासून माझ्या सांगण्यावरून लोकांनी गोळ्या घेतल्या. बरं वाटलं तर डॉक्टरांचा हातगुण. बिघडलं तर डॉक्टरांचा दोष. मी कुठेच नाही. माझी चूकसुद्धा माझ्या नावावर लागत नाही. मी हा अभ्यास कशासाठी केला असं वाटलं तुम्हाला? सही झोकदार येते म्हणून? ज्याचं नाव खाली असतं, तो लिहिण्याआधी एकदा जास्त विचारतो. डिसेंबरात तुम्ही विचारलं नाहीत, कारण मी बघितलंय असं तुम्हाला वाटलं. मी विचारलं नाही, कारण सही तुमची होती. आणि विल्फ दोघांच्या मधल्या फटीत पडला."

स्टोबार्टांनी उठून दोन्ही कप उचलले. लिनेटला वाटलं, आपण फार बोललो. पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत.

रविवारी तिने जेवणाच्या टेबलावर बसून अहवाल लिहिला. डिसेंबरपासून लिहिला. "औषध मी सुचवले. रोगी ते कसे घेणार हे मी विचारले नाही. ही माझी चूक." जॉस समोर बसून चष्म्यातून बघत होता.

"नापास केलं तर?" त्याने विचारलं.

"तर केलं."

"आणि खोटं लिहिलंस तर?"

"खोटं नाही, बाबा. नुसतं कमी."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "रोगट मेंढी झाकून विकता येते," तो म्हणाला. "मी एकदा विकलीये. पुढे दहा वर्षं ते गिऱ्हाईक बाजारात दिसलं की मी गल्ली बदलायचो." मग तो उठून कुत्र्याला जेवण घालायला गेला.

सोमवारी तिने अहवाल स्टोबार्टांच्या टेबलावर ठेवला. मंगळवार गेला, बुधवार गेला, तरी अहवाल परत आला नाही. दवाखान्याच्या बोळकांडीत भेटले की डॉक्टर हवेबद्दल बोलायचे. लिनेटने कुणाला काही दाखवलं नाही. लोकांचे खांदे बघितले, गुडघे बघितले, आणि प्रत्येकाला पुढच्या वेळी गोळ्यांचा डबा घेऊन यायला सांगितलं. पण आतून ती धास्तावली होती. तिच्या अहवालावर सही करायची म्हणजे स्टोबार्टांनीही स्वतःच्या दोन सह्यांकडे बोट दाखवू द्यायचं, आणि त्यासाठी माणसाला छाती लागते. ती त्यांच्याकडे आहे की नाही, हे एकोणीस वर्षांत बघायची वेळ आली नव्हती.

शुक्रवारी सकाळी तिच्या खोलीत टेबलावर पाकीट होतं. सही होती. सहीच्या वर जिथे दोन ओळींची जागा होती, तिथे डॉक्टरांनी समासात आणि कागदाच्या मागे जाऊन लिहिलं होतं. अक्षर डॉक्टरांचंच, म्हणजे वाचायला मेहनत पडली.

"डिसेंबरात या रोग्याला मी तपासले नव्हते. एकोणीस वर्षे श्रीमती टॉलेंटायर यांच्या कागदावरून मी रोगी न पाहता औषधे लिहीत आलो आहे. हा त्यांच्यावरचा विश्वास आहे असे मला वाटे. आता वाटते, ती माझी सोय होती. त्यांनी आपली चूक लिहिली आहे. ही माझी. मंगळवारी त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मी विचारला नसता. त्यांच्या हाती औषध सुरक्षित आहे."

लिनेट खुर्चीत बसली आणि रडली. आमच्या खोऱ्यात हे करायची पद्धत नाही, म्हणून तिने आधी दार लावून घेतलं.

विद्यापीठाने तिला बोलावून घेतलं आणि तीन जणांनी पाऊण तास फैलावर घेतलं. मेंढ्या तोलायच्या पिंजऱ्याबद्दल ऐकून त्यांतली एक बाई हसली, पण उरलेल्या दोघांनी भुवयासुद्धा हलवल्या नाहीत. त्यांनी विचारलं, आता तुम्ही काय वेगळं करता? लिनेटने सांगितलं, मी विचारते कोण मोजतं. घरात हीच गोळी आणखी कुणाला आहे, ते विचारते. माणूस मेंढीवाला असेल तर वजनाचं मीच आधी काढते. आणि चिठ्ठी लिहायची वेळ आली की तिच्याखाली माझं नाव आहे असं समजून दोन मिनिटं जास्त बसते. पास झाल्याचं पत्र आलं ते बाराव्या दिवशी. जॉसने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "बरं झालं जरा." आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं.

जुलैत तिच्या नावापुढे सरकारी यादीत औषध लिहिण्याच्या परवानगीची खूण झाली. त्याच आठवड्यात, गवत कापायच्या ऐन धांदलीत, विल्फ ॲल्डरसन आला. दहा-बारा किलो उतरला होता, पण गाल लाल होते. कंबरेतून कळ पायात उतरत होती. लिनेटने त्याला आडवं केलं, पाय उचलून बघितला, अंगठ्यात जोर किती आहे ते बघितलं, पोटाचं विचारलं, ऑलिव्हच्या गोळ्यांचं विचारलं, दुकानातल्या गोळ्यांचं विचारलं. विल्फ म्हणाला, एवढी चौकशी त्याच्या लग्नाच्या वेळी सासऱ्यानेही केली नव्हती. मग तिने संगणकावर चिठ्ठी काढली. झोपताना घ्यायची, नसेच्या कळेची एक लहानशी गोळी.

"किती घ्यायची?" तिने विचारलं.

"एक."

"आणि ऑलिव्हला?"

"शून्य. तिचं तिच्यापाशी."

यंत्रातून हिरवा कागद बाहेर आला. तिने सही केली आणि त्याच्या हातात दिला. विल्फने तो लांब धरून, डोळे बारीक करून खालपर्यंत वाचला.

"हे काय? डॉक्टरचं नाव नाही याच्यावर."

"नाही."

"म्हणजे बाई, यंदा पोटाला भोक पडलं, तर ऑलिव्हने शिव्या कुणाला घालायच्या?"

"मला," लिनेट म्हणाली. "सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच. याच खोलीत."